फुवामुलाला टायगर शार्क बघायला जावं का? (आई विरुद्ध मी)

गार_पाणी, पुणे

नमस्कार मंडळी, दोन वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचतेय) आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर झालंय असं की मी आणि नवरा दोघंही स्कूबा डाइव्ह करतो. ओपन वॉटर (पहिला कोर्स) तारकर्लीला केलं, अ‍ॅडव्हान्स्ड अंदमानात हॅवलॉकला, मग दोनदा कर्नाटकातलं नेत्राणी बेट. माझ्या ३४ डाइव्ह झाल्यात, त्याच्या ४१ (हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो). आता फेब्रुवारीत मालदीवला फुवामुलाला जायचं घाटतंय. दक्षिणेकडे, विषुववृत्ताच्या जरासं खाली एकटंच बेट आहे ते, पाण्यावरच्या झोपड्या आणि हनिमूनवाले असला प्रकार नाही, गावात गेस्टहाउसमध्ये राहायचं आणि डाइव्ह करायच्या. तिथे बंदराच्या तोंडाशीच टायगर शार्क येतात, एका वेळी पाच-सात, आणि पिंजराबिंजरा काही नाही.

आईने २०२४ ची ती पालघरची बातमी जपून ठेवलीये. मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला होता ना, ती. रोज सकाळी चहाबरोबर तोच विषय. "खाडीत असं, मग भर समुद्रात काय?" आणि वर, "एवढा वाघ बघायचाय तर ताडोबाला जा की, जीपमध्ये बसून बघ." याला अजून उत्तर सुचलेलं नाही.

खरं सांगायचं तर माझीही टरकलीये. नेत्राणीला एक ब्लॅकटिप शार्क दिसला होता, लांबून, तोही हातभर असेल नसेल, तर माझ्या टाकीतली एअर इतक्या भराभर उतरली की गाइडने आधी माझा गेज बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यात नेटवर जाऊन बघावं तर दोनच प्रकार, एक तर ढॅण्ण ढॅण्ण म्युझिक लावून दात दाखवणारे नाहीतर "अहो ही तर पाण्यातली कुत्र्याची पिल्लं" म्हणत शार्कच्या नाकाला हात लावून फोटो काढणारे. दोन्ही खोटं वाटतं. इथे कुणी प्रत्यक्ष गेलं असेल तर खरं काय ते सांगा ना, किती जवळ येतात, नेमकं काय होतं, ३४ डाइव्हवर जाणं शहाणपणाचं आहे का आणि आईला काय सांगू.

शेवटचे_५०_बार, ठाणे

गेल्या मार्चमध्ये गेलो होतो. सहा दिवस, अकरा डाइव्ह, त्यातल्या पाच टायगरच्या. आठवतंय तसं लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी ते बंदर समजून घ्या, नाहीतर बाकीचं कळणार नाही. बाकी मालदीवसारखं भोवती पसरट उथळ पाणी या बेटाला नाही, बेट समुद्रातून सरळ उभं वर आलंय, जरा बाहेर गेलं की खाली काळोख. त्यामुळे एवढाले मासे किनाऱ्याच्या एवढे जवळ येतात. आणि तिथले कोळी वर्षानुवर्षं बंदरात टुना साफ करून डोकी-आतडी तिथेच पाण्यात टाकत आलेत, म्हणजे शार्कला रोजची आयती पंगत. मालदीवने २०१० साली शार्क मारायलाच बंदी घातली, मग आलेला पाहुणा जिवंत परत जायला लागला. डायव्हिंगवाले त्यानंतर आले. म्हणजे शार्कना तिथे कुणी बोलावलेलं नाही, आपणच त्यांच्या पंगतीत घुसलोय.

बोटीने पाच-सात मिनिटं लागतात, ब्रीफिंग मात्र पाऊण तास, आणि तिथे कुणी हसत नाही. उडी मारली की वर रेंगाळायचं नाही, तडक खाली जायचं. पृष्ठभागावर हातपाय मारत राहणं ही सगळ्यात वाईट जागा, खालून बघणाऱ्याला तुम्ही डायव्हर आहात की कासव हे काय कळणार. एका जर्मन बाईंच्या फिन्स पांढऱ्याशुभ्र होत्या, त्या बोटीवरच ठेवायला लावल्या आणि दुसऱ्या काळ्या दिल्या. हातमोजे काळे, हात पोटाशी, कारण उघडा तळहात पाण्यात माशाच्या पोटासारखा चमकतो. खाली आठ-दहा मीटरवर मोडक्या प्रवाळाचा सपाट भाग आहे, तिथे सगळ्यांनी एका ओळीत गुडघे टेकून बसायचं. गाइड टुनाची डोकी दगडाखाली दडवून ठेवतात, आमच्या वेळी तरी हाताने कुणी भरवलं नाही. त्यांच्या हातात काठी असते, मारायला नाही, मध्ये आडवी धरायला.

पहिली आली तेव्हा ती आली असं वाटलंच नाही. समोरच्या निळ्यातला एक तुकडा जरा जास्त गडद झाला, मग त्या गडदला तोंड आलं. टायगरचं नाक टोकदार नसतं हो, एकदम बोथट, चौकोनी, करवतीने कापल्यासारखं. चार मीटर तरी असेल. पट्टे फिके झालेले, वय वाढलं की ते पुसट होत जातात. खाली दोन रेमोरा मासे चिकटलेले. शेपूट इतकी सावकाश हलत होती की घाई हा शब्दच तिला माहीत नसावा. आणि डोळा, लिंबाएवढा, काळा, तो आमच्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला. भुकेलेला वगैरे नाही. सोसायटीत नवीन भाडेकरू आला की वॉचमन बघतो ना, तसा.

मग तिने दगड नाकाने ढकलला, टुनाचं डोकं काढलं आणि चावली. तो आवाज मी विसरणार नाही. पाण्यात हाड फुटल्याचा कडकड आवाज, अगदी कानाशी झाल्यासारखा. चावताना तिच्या डोळ्यावर पांढरट पडदा ओढला जातो. त्या क्षणी तिला दिसत नसतं, म्हणून तेव्हा तिच्या तोंडाच्या आसपास कुणी असू नये, एवढं साधं आहे ते.

दुसऱ्या डाइव्हला कळलं की खरा खेळ समोर नसतोच. समोरच्या तिघींकडे सगळे कॅमेरे रोखून बसतात आणि चौथी मागून येते. गाइड टाकीवर टक टक करतो, आपण वळायचं आणि सरळ तिच्याकडे बघायचं. बघितलं की ती वळून जाते. मी काही मोजलं नाही पण पाच डाइव्हमध्ये वीसेक वेळा तरी हे बघितलं, नजर चुकली की जवळ, नजर दिली की लांब. यात प्रेमही नाही आणि वैरही नाही, चौकशी आहे.

३४ डाइव्हवर टायगरची डाइव्ह होईल, ती उथळ आहे. पण तिथेच पहाटे थ्रेशर शार्क बघायला नेतात किंवा हॅमरहेड शार्कसाठी बाहेर निळ्यात, ते ३० मीटरच्या आसपास आणि करंट असला की ओढत नेतो, ते एअर नीट सांभाळता येत असेल तरच. आधी एक-दोन साध्या डाइव्ह मागून घ्या. आणि हो, घाबरलो का? पहिल्या दहा मिनिटांत ७० बार (टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात) संपवले होते. आयडी उगाच नाही ठेवलेला.

चिंब_चिंब

काय लिहिलंय राव! वॉचमन!! =)) =))

शंका_कुशंका

वर लिहिलंय ते छान आहे, पण सगळे वाहवा करायच्या आत जरा मिठाचा खडा टाकतो.

२०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास कोस्टारिकाच्या कोकोस बेटाजवळ एका भारतीय वंशाच्या बाईंचा टायगर शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या काही किनाऱ्यावर डुंबणाऱ्या नव्हत्या, ग्रुपबरोबर डाइव्ह संपवून वर येत होत्या, सोबत गाइड होता, त्यालाही चावली. २०२३ च्या जूनमध्ये इजिप्तमध्ये हुरघाडाला एक रशियन तरुण किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत गेला, तीही टायगरच. त्यामुळे "बिचारा गैरसमज झालेला प्राणी" हे पालुपद मला पटत नाही. कसला गैरसमज? चार मीटरचा मांसाहारी प्राणी आहे, कासवाची पाठ दातांनी फोडतो. माणसांना त्याची भीती वाटते यात गैर काय समजलंय?

दुसरं, खायला घालणं. अमेरिकेत फ्लोरिडा आणि हवाई दोन्हीकडे शार्कला खाऊ घालून डाइव्ह करायला बंदी आहे, ते काय वेडे म्हणून? बिबट्याला गावाच्या वेशीवर रोज कोंबडी टाकली आणि बाजूला तिकीट लावून लोक बसवले तर आपण काय म्हणू? जुन्नरच्या माणसाला विचारा. दगडाखाली ठेवलं काय किंवा हाताने भरवलं काय, माणूस म्हणजे जेवण हे समीकरण त्याच्या डोक्यात बसणार नाही याची गॅरंटी कोण देतंय?

आईचं ऐका असं म्हणत नाही. पण आईला वेड्यात काढू नका.

गार_पाणी

@शेवटचे_५०_बार, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवला आणि मी मधे मधे पाणी प्यायले.

@शंका_कुशंका, कोकोसचं माहीत नव्हतं. वाचून पोटात गोळा आला, पण सांगितलंत ते बरं झालं, असलं कुणी सांगतच नाही. बिबट्याचा मुद्दा तर आईने वाचला तर फ्रेम करून लावेल.

कूर्चा, रत्नागिरी

(मत्स्य महाविद्यालयात शिकलोय, आता वेगळ्याच धंद्यात आहे, पण आयडीवरून कळलं असेल की शार्कचा नाद सुटलेला नाही. हाड नाही हो त्यांच्यात, सगळी कूर्चा.)

शंका_कुशंका यांच्याशी निम्मा सहमत आहे. टायगर शार्क धोकादायक आहेच. जगभरात माणसावर जे गंभीर हल्ले होतात त्यात ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तिघांचीच नावं पुन्हा पुन्हा येतात. पण आकडा पण बघा की, फ्लोरिडात शार्कहल्ल्यांची जी आंतरराष्ट्रीय नोंद ठेवतात तिच्यात कुणी न डिवचता झालेले चावे वर्षाला साधारण ६० ते ७० येतात, सगळ्या जगात, आणि मृत्यू पाच-सहा. एखादं वर्ष वाईट जातं, एखादं चांगलं. उलट बाजूने आपण वर्षाला मारतो ते अंदाजे १० कोटी शार्क. आता गैरसमज कुणाचा कुणाबद्दल झालाय ते ठरवा.

पालघरबद्दल. तो टायगर नव्हता, बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, आणि ते पटण्यासारखं आहे कारण मोठ्या शार्कमध्ये गोड्या पाण्यात बिनधास्त शिरणारा मुख्यतः तोच. अंगातलं मीठ सांभाळायची त्याची मूत्रपिंडं आणि ग्रंथी वेगळ्याच तयारीच्या असतात, म्हणून नदीत कितीतरी आत जातो. खाडीचं पाणी गढूळ, दिसत काहीच नाही, जाळ्यात मासे तडफडतायत आणि शेजारी माणसाचा पाय. तिथे वळून नजर देणार कुठे? स्वच्छ पाण्यात गाइडबरोबर बसलेला डायव्हर आणि खाडीत पोटासाठी उतरलेला माणूस यांचा धोका एकाच मापाने मोजताच येत नाही. तुमच्या आईंना हे सांगून बघा, ऐकतील असं नाही.

शार्क माणसाला चाचपतो कसा हे पण थोडं सांगतो, मला यात फार मजा वाटते. त्याच्या नाकावर बारीक बारीक भोकं असतात, आत जेलीसारखा पदार्थ भरलेला, लोरेन्झिनी नावाच्या इटालियन माणसाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलं. त्यांचं काम काय हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. त्यातून त्याला वीज जाणवते, वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंची, त्याच्या कल्ल्यांच्या हालचालीची, इतकी बारीक. म्हणून शार्क अगदी जवळ येऊन नाक तुमच्या दिशेने डोलवतो, तेव्हा तो नुसता वास घेत नसतो, तुमची वीज वाचत असतो. हात नसलेल्या प्राण्याला वस्तू हाताळायची झाली तर नाक आहे आणि त्यानंतर तोंड आहे. गोची तिथे होते, त्याची चौकशी आणि आपला पाय.

हवाईने एकदा बंदीच्या उलटं करून बघितलं होतं. १९५९ ते १९७६ मध्ये त्यांनी ४,६६८ शार्क मारले, त्यात ५५४ टायगर होते. हल्ले कमी झाले का? नाही, काही फरक दिसला नाही. हे प्राणी शेकडो किलोमीटर फिरतात, तुम्ही इथला मारला तर तिकडून दुसरा येतो.

खायला घालण्याबद्दल मात्र मी आजही कुंपणावर बसलोय. फुवामुलाला सात वर्षांच्या फोटोंवरून अभ्यासकांनी दोनशेहून जास्त वेगवेगळ्या टायगर शार्क ओळखल्या, प्रत्येकीचे पट्टे आणि पंखाच्या खाचा वेगळ्या, त्यात बहुतेक माद्या, त्यातल्या कितीतरी गाभण. इतकी माहिती जंगलातल्या वाघांबद्दल मिळवायला आपल्याला जन्म गेले. ती मिळाली ती रोज तिथे खाली जाणाऱ्या डायव्हरांच्या कॅमेऱ्यांमुळे. पण बिबट्याचं उदाहरण डोक्यातून जात नाही हेही खरं. पटण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही.

शंका_कुशंका

चला, निम्मा सहमत तर निम्मा सहमत. जेलीचं माहीत नव्हतं, आवडलं.

बांगडा_फ्राय, मालवण

वाचत होतो, म्हटलं आपण कशाला बोला, पण इथे सगळे वरून उडी मारणारे दिसतायत, एक तरी जाळंवाला पाहिजे.

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. बाबा तांडेल (होडीचे प्रमुख) होते, आता गुडघ्याने सोडलं. आमच्याकडे शार्क कुणी म्हणत नाही, मोरी नाहीतर मुशी. आणि मोरी म्हणजे भीती हे डोक्यातच नाही, मोरी म्हणजे सांबारं, म्हणजे कालवण. लहान मुशी गरम पाण्यात बुचकळून तिची कातडी खरवडायची, ती कातडी म्हणजे सॅन्डपेपर, आईच्या बोटांची सालं जायची. शिळी झाली की मुतासारखा वास मारते म्हणून आणल्या आणल्या करायची. बाळंतिणीला तर मुद्दाम देतात, दूध येतं म्हणून. हॅमरहेडला आम्ही कानमुशी म्हणतो. माझ्या लहानपणी कानमुशीची पिल्लं टोपलीभर यायची, आता लिलावात एखादी दिसली की लोक फोटो काढतात. त्याची शहरात चर्चा होत नाही, चर्चा दातांची होते.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, एवढी वर्षं दर्यात, कधी मोरीने कुणाला खाल्लेलं बघितलं का. ते हसले आणि म्हणाले, "अरे मोरी माणसाक खाणा नाय, माणूसच मोरीक खाता." पण लगेच पुढे हे पण म्हणाले की बोटीवर ओढलेल्या मोरीच्या तोंडाजवळ जायचं नाही, मेली असं वाटलं तरी नाही, त्यांच्या एका खलाशाचा अंगठा तसाच गेला. मेलेली समजून गळ काढायला हात घातला होता. म्हणजे भीती नाही पण मान आहे.

दर्यात आता कायदा पण आलाय. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वाघाच्या बरोबरीचा. आधी जाळ्यात आला की लोक वैतागायचे, एवढं धूड आणि जाळं फाडून ठेवणार. २०१८ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात असला प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो-व्हिडिओ दाखवायचा. त्यामुळे आता पोरं आधी मोबाइल काढतात मग सुरी. चांगलंय. त्याच्या तोंडात आख्खा माणूस मावेल एवढं तोंड आणि खातो काय, तर जवळा आणि त्याहून बारीक.

ताई, तुम्ही जा. पण व्हिडिओ काढलात तर इथे टाका, बाबांना दाखवायचाय. त्यांनी मोरी आयुष्यभर वरूनच बघितली.

चिंब_चिंब

बांगडा_फ्राय, तुम्ही वेगळा धागा काढा. नम्र विनंती. आणि सांबाऱ्याची कृती (आता अवांतर झालंच आहे तर).

बांगडा_फ्राय, मालवण

कृती देणार नाही, आता खाणं सोडलंय मी. बायको खाते. घरात रोज भांडण.

शेवटचे_५०_बार, ठाणे

एक राहिलं. तिथे कधी कधी ओशनिक व्हाइटटिप नावाचा शार्क येतो, लांब गोलसर पंख, टोकं पांढरी. तो टायगरसारखा लांबून विचार करत नाही, सरळ येऊन ढोसतो आणि परत परत येतो. त्याच्यासमोर ग्रुप सोडायचा नाही आणि सेफ्टी स्टॉपला (वर येताना मध्ये थांबतात तेव्हा) पाठीला पाठ लावून उभं राहायचं. शंका_कुशंका म्हणतात ते वर येतानाचं खरंय, डाइव्ह संपली असं डोक्यात आलं की लोक ढिले पडतात. बोटीची शिडी हातात येईपर्यंत डाइव्ह संपलेली नसते. आणि डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, साधा ट्रॅव्हलचा चालत नाही.

गार_पाणी

(मार्चमधला अपडेट)

आलो परत. सगळे अवयव जागेवर.

सात डाइव्ह, चार टायगरच्या. थ्रेशरच्या डाइव्हला मी गेले नाही, नवरा गेला, त्याला दिसला नाही, आता तो त्याबद्दल बोलत नाही.

पहिल्या डाइव्हचं मला जवळजवळ काहीच आठवत नाही, मास्कमध्ये पाणी येत होतं आणि मी तेच काढत बसले होते, नवरा म्हणतो तेवढ्यात सहा येऊन गेल्या. तिसऱ्या डाइव्हला मी ओळीच्या अगदी टोकाला होते. वॉचमनचं वाक्य डोक्यात होतं त्यामुळे समोर बघत होते आणि मनातल्या मनात हसत पण होते, तेवढ्यात टक टक टक. वळले तर एका हातावर. म्हणजे खरंच हात लांब केला असता तर लागला असता, अर्थात हात पोटाशीच होते आणि ते तिथून हललेही नसते. तोंड थोडं उघडं, दात दिसत होते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे तिरके. मी तिच्या डोळ्यात बघितलं, कारण दुसरं काय करणार, आणि तिने एकदम, म्हणजे एवढं मोठं अंग असून, नुसतं डोकं कलतं केलं आणि माझ्या डावीकडून निघून गेली. तिच्या शेपटीचं पाणी माझ्या गालाला लागलं. भीती वाटली का, तर त्या क्षणी नाही, नंतर बोटीवर चहाचा कप धरता येईना तेव्हा वाटली. एअर ५० उरली होती, ५०_बारवाल्यांना नमस्कार.

शंका_कुशंका, तुमचा मुद्दा तिथे गाइडला विचारला. तो तिथल्याच कोळ्याचा मुलगा. म्हणाला माझे आजोबा शार्क मारून यकृताचं तेल काढायचे, होड्यांना लावायला, मी त्याच शार्क लोकांना दाखवून घर चालवतो, बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा पण आजोबांच्या वेळपेक्षा आता शार्क जास्त आहेत. मी गप्प बसले. तुमच्या बिबट्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

आता आई. आल्यावर दोन दिवस तिने विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली दाखव काय ते. टीव्हीला लावून दाखवलं. पहिली अर्धी क्लिप पदर तोंडाला लावून बघितली, मग चष्मा आणायला सांगितला. जी माझ्याजवळ आली होती ना, तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक मोठा गंजका गळ अडकलेला आहे आणि त्याला वीतभर दोरी लोंबतेय. मला पाण्यात दिसलाच नव्हता. आईला दिसला. "हे काय अडकलंय हिच्या तोंडात? एवढे सगळे बसलायत तिथे, कुणी काढलं नाही का?"

व्हिडिओची लिंक खाली देतेय. बांगडा_फ्राय, तुमच्या बाबांसाठी.

कूर्चा, रत्नागिरी

मस्त! गळ बहुधा बाहेरच्या समुद्रातल्या लाँगलाइनचा असणार, त्या हजार-हजार गळांच्या दोऱ्या टुनासाठी सोडलेल्या असतात. साधा लोखंडी असेल तर गंजून पडतो हो, स्टेनलेसचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तरी त्या जेवतात, फिरतात. आईंना सांगा की तिथले काही गाइड संधी मिळाली तर काढतात पण, मात्र ते काम आपलं नव्हे.

शंका_कुशंका

सुखरूप आलात, आनंद आहे. बाकी मत कायम. व्हिडिओ तीनदा बघितला.

बांगडा_फ्राय, मालवण

बाबांना दाखवला. मोबाइल डोळ्याला लावून बघत बसले, आवाज बंद करायला लावला. आधी म्हणाले दोनशे-अडीचशे किलोच्या खाली नाही. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, ती वळून जाते तिथे परत मागे घ्यायला लावलं, दोनदा. पोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "गाबण आसा ती." आणि फोन परत दिला.

गार_पाणी

गाइडही हेच म्हणाला होता!! मी लिहायचं विसरले.